काटा मधोमध आहे, मामा!

मोटारीच्या चाकामागे जी लहानमोठी घड्याळे दिसतात, त्यांत वेगाचे घड्याळ सर्वांच्या आवडीचे. पेट्रोलच्या काट्याकडे माणूस महिनाअखेरीस बघतो. इंजिनाच्या फेऱ्या मोजणारे घड्याळ तरुण मंडळी शेजारी बसलेल्या मित्राला दाखवण्यासाठी बघतात. राहिला तो चौथा, कोपऱ्यात बसलेला, एका टोकाला निळी आणि दुसऱ्या टोकाला लाल रेघ असलेला तापमानाचा काटा. त्याच्याकडे कोणी बघत नाही. घरातल्या आजोबांसारखी त्याची स्थिती. जोवर ते कण्हत नाहीत, तोवर त्यांचे उत्तम चालले आहे असे सारे घर धरून चालते.

पूर्वी असे नव्हते. माझ्या लहानपणी, म्हणजे १९८०-९० च्या सुमारास, मुंबईहून पुण्याला मोटारीने जायचे म्हणजे डिकीत आधी पाण्याचा कॅन चढायचा आणि मग बॅगा. खंडाळ्याचा घाट सुरू झाला की फिएटवाले काका गप्प होत. मागे बसलेल्या मुलांनी गाणी म्हणायची नाहीत, असा दंडकच असे. काकांचा एक डोळा रस्त्यावर आणि एक त्या काट्यावर. वाटेत चार-दोन गाड्या बॉनेट उघडून, वाफा सोडत, तोंड वासून उभ्या असायच्याच. त्यांच्याकडे बघून काका हळहळत, पण त्या हळहळीत आपली गाडी अजून चालते आहे याचा आनंद लपत नसे. ती फिएट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, मुंबईची टॅक्सी म्हणून म्हातारी झाली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निघून गेली. तिच्याबरोबर काट्याकडे बघण्याची ती सवयही गेली. नवी गाडी तापत नाही, असा आपला पक्का समज झाला.

नवी गाडी तापते. उलट जितकी जोरकस, तितकी जास्त तापते. फक्त ते आपल्याला कळवत नाही.

साधा हिशेब आहे. पेट्रोल जाळून जी शक्ती निघते, तिचा ढोबळ मानाने एकतृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. एकतृतीयांश धुरावाटे बाहेर जातो, आणि उरलेला बहुतेक भाग इंजिनाच्या अंगात साठतो. तो पाण्याने उचलून रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्यावर उधळावा लागतो. तीनशे अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण जोर लावला, तर त्याच्या पाण्याला शंभर किलोवॉटच्या पुढे उष्णता वाहून न्यावी लागते. आपल्या न्हाणीघरातला गीझर दोन किलोवॉटचा. म्हणजे बॉनेटखाली पन्नासेक गीझर एकदम लावून ठेवल्यासारखे झाले! असल्या गाड्या आता परदेशातूनच याव्या लागतात असेही नाही. मर्सिडीजची एएमजी जातीची गाडी २०२० पासून आपल्या चाकणला जुळवली जाऊ लागली. तेव्हा हा विषय श्रीमंतांचा म्हणून पान उलटण्याचे कारण नाही. आज प्रत्येक सोसायटीत एखादा तरी भाचा असतो, आणि त्याने हप्त्यावर एखादी टर्बोवाली गाडी घेतलेली असते.

माझ्याही भाच्याने घेतली. जर्मन बनावटीची, तीनशेच्या वर अश्वशक्तीची. आमच्या ताईने पेढे वाटले आणि माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "तू जरा त्याच्याबरोबर बसत जा. तुझं ऐकतो तो." मराठीच्या मास्तराचे मोटारीच्या बाबतीत कोण ऐकणार! पण मामा या नात्याला काही अधिकार असतात, आणि शेजारची सीट हा त्यांतला एक.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघे काशीदला निघालो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू झाली आहे. तिने गेलो असतो तर वडखळची रांग चुकली असती. पण भाच्याला गाडी चालवायची होती, बोटीत उभी करून ठेवायची नव्हती. पेणपर्यंत त्याचे समाधान झाले. वडखळला आम्ही पाऊण तास मुंगीच्या पावलाने सरकलो. कार्लेखिंड, अलिबाग, चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल आणि पुढे कोर्लई-बोर्लीकडून समुद्राच्या कडेकडेने जाणारा तो अरुंद, वळणांचा, देखणा रस्ता. या रस्त्यावर तीनशे घोडे जुंपलेली गाडी आणि समोरची एसटी यांचा वेग एकच असतो, ही गोष्ट भाच्याच्या मनाला फार लागत होती.

"मामा, पुढच्या महिन्यात रेडिएटर बदलतोय," तो म्हणाला. "मोठा, जाड, सगळा अ‍ॅल्युमिनियमचा. मुंबईत एकाने सांगितलंय, एवढ्या पॉवरला कंपनीचा पुरत नाही."

"किती पडतात?"

त्याने आकडा सांगितला. मागच्या सीटवर ताईने पदर सावरला. तो आकडा माझ्या पहिल्या वर्षाच्या पगाराहून मोठा होता.

"पण तुझी गाडी तापते कशावरून?"

"तापत नाही. पण तापू नये म्हणून."

त्याने चाकामागे बोट दाखवले. काटा मधोमध, ध्यानस्थ.

काशीदच्या अलीकडे दोन किलोमीटरवर रांग लागली. रविवारची दुपार, पुणे-मुंबईची सगळी मोटारविश्वे सुरूच्या बनाकडे निघालेली. दहा मिनिटे झाली, वीस झाली. मग मागून ताई म्हणाली, "एसी बिघडला वाटतं रे. गार येत नाहीये."

मी काट्याकडे पाहिले. भाच्यानेही पाहिले. "काटा मधोमध आहे, मामा!" तो म्हणाला.

आता येथे थोडे थांबून त्या काट्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळी फसगत तेथेच आहे. फिएटवाल्या काकांच्या गाडीतला काटा प्रामाणिक होता. पाणी चार अंशांनी तापले की तो चार अंशांपुरता हलायचा. चढावर वर, उतारावर खाली. पुढे कारखानदारांच्या ध्यानात आले, की काटा हलला की गिऱ्हाईक घाबरते आणि गाडी घेऊन दुकानात येते. तपासले तर काही झालेले नसते. म्हणून अनेक नव्या गाड्यांत काट्याला मधोमध बसायला शिकवलेले असते. पाणी ऐंशी अंशांवर असो की एकशे पाचावर, काटा जागचा हलत नाही. तो हलतो तो एकदम लाल रेघेकडे, म्हणजे बातमी जुनी झाल्यावर. काही गाड्यांत तर काटाच नसतो. गार असताना निळा दिवा, फार तापल्यावर तांबडा, आणि मधल्या सगळ्या आयुष्यात अंधार. माझी स्वतःची गाडी याच जातीची आहे.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. समजा एखादी रबरी नळी फुटून पाणीच निघून गेले. मग सेन्सर कोरडा पडतो. भोवती वाफ किंवा नुसती हवा. अशा वेळी इंजिन भाजून निघत असताना काटा खाली येऊ शकतो! चालक म्हणतो, चला, उतरला ताप. नाडी लागत नाही म्हणून रोगी शांत झोपला आहे असे म्हणण्यातलाच हा प्रकार.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. गेली कित्येक वर्षे प्रत्येक मोटारीत चाकाच्या खाली, गुडघ्याजवळ, एक सोळा टोचांची खोबणी असते. गॅरेजवाले आपले यंत्र तेथे लावून गाडीच्या मेंदूशी बोलतात. तिला ओबीडी म्हणतात. हजार-दोन हजार रुपयांत मिळणारी काडेपेटीएवढी डबी त्या खोबणीत बसवली, की पाण्याचे खरे तापमान अंशांत आपल्या फोनवर दिसते. काटा गोल गोल बोलतो, आकडा स्पष्ट बोलतो. भाच्याकडे ती डबी होती, पण टर्बोचा दाब मित्रांना दाखवण्यासाठी. मी म्हटले, "पाण्याचं बघ."

आकडा आला: १११. बघता बघता ११२ झाला. काटा मधोमध.

"एरवी किती असतं?"

"एरवी... बघितलं नाही. नव्वद-पंच्याण्णव असेल."

हा 'असेल' महत्त्वाचा आहे. काही गाड्या मुद्दाम शंभराच्या वर चालवल्या जातात, पेट्रोल वाचावे म्हणून. त्यांना १०५ म्हणजे निरोगीपणा. दुसरीला तोच आकडा म्हणजे आजार. म्हणून आपल्या गाडीचा रोजचा आकडा आपल्याला तोंडपाठ हवा. आपण मुलाच्या काखेत थर्मामीटर लावतो, तेव्हा साडेअठ्ठ्याण्णव ही रेघ आपल्याला ठाऊक असते म्हणूनच शंभर या आकड्याला अर्थ येतो. ताप हा शब्द मराठीने ज्वराला, उन्हाला आणि उपद्रवी नातेवाइकाला सारख्याच उदारपणे दिला आहे. मोटारीला तो तिन्ही अर्थांनी लागू पडतो.

आणि ताईचा एसी? तो बिघडला नव्हता. इंजिन फार तापू लागले की गाडीचा मेंदू सर्वांत आधी एसीचा पंप बंद करतो, आपले ओझे हलके करण्यासाठी. काट्याने जे सांगितले नाही ते त्या गरम वाऱ्याने सांगितले होते. तापल्या दिवशी, रांगेत, एसी एकाएकी गार देईनासा झाला तर एसीवाल्याकडे जाण्याआधी पाण्याकडे बघावे.

"काचा खाली कर," मी म्हटले, "आणि हीटर पूर्ण लाव."

"हीटर?" ताई किंचाळलीच. "काशीदच्या उन्हात?"

हीटर म्हणजे तरी काय? पायाजवळ बसवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनाचे तेच गरम पाणी त्यातून फिरते आणि पंखा त्यावर वारा घालतो. तो लावला म्हणजे इंजिनाचा थोडा ताप आपण आपल्या अंगावर घेतो. पाच मिनिटे आम्ही तिघे भट्टीत बसल्यासारखे बसलो. आकडा ११३ वरून १०७ वर आला. तेवढ्यात डाव्या हाताला जागा मिळाली आणि गाडी सुरूच्या सावलीत घेतली. पाणी जागेवर होते, खाली गळत नव्हते, म्हणून इंजिन जरा वेळ नुसते चालू ठेवून पंख्याला काम करू दिले. पाणी गळत असते, तर त्याच क्षणी बंद करायला हवे होते.

बॉनेट उघडल्याबरोबर, जसे होते तसे, चार सल्लागार जमले. एकाने झाकण उघडून बघायला सांगितले. हे मात्र कोणी, कधी, कोणाच्याही सांगण्यावरून करू नये. आपल्या घरातला कुकर आठवा. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. महाबळेश्वरला ९५-९६ ला, म्हणून तिथे डाळ शिजायला वेळ लागतो. कुकरमध्ये दाब वाढवला की पाणी १२० अंशांच्या आसपास पोचते तरी उकळत नाही. रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. ११० अंशांचे पाणी त्या दाबाखाली गुपचूप बसलेले असते. झाकण फिरवले, दाब गेला, की त्याच क्षणी त्याची वाफ होऊन तोंडावर येते. फडके धरून काही होत नाही. चांगला तासभर थांबावे, आणि वरची नळी हाताला कोमट लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये. कोणत्या गृहिणीने शिट्टी न काढता कुकर उघडला आहे? पण तिचाच नवरा रस्त्यात हातरुमाल घेऊन रेडिएटरवर ओणवा होतो.

दुसऱ्याने शेजारच्या विहिरीचे पाणी ओता म्हटले. समुद्राजवळच्या विहिरी मचूळ. ते पाणी आतून धातू खाते. शिवाय तापल्या इंजिनावर एकदम गार पाणी म्हणजे तापल्या काचेच्या पेल्यात बर्फ. तिसरा शहाळीवाला होता. त्याने काही सुचवले नाही, तीन शहाळी सोलली. तेवढा एकच सल्ला आम्ही मानला.

गाडी पुरती निवल्यावर मुरूडकडच्या एका गॅरेजवाल्याला बोलावले. पन्नाशीचा, लुंगीवर सदरा, बोलायला कमी. त्याने आधी पंखा फिरतो का बघितले. फिरत होता. कूलंटची पातळी बघितली. बरोबर होती. मग टॉर्च घेऊन पुढच्या जाळीतून आत डोकावला आणि म्हणाला, "सर, हिचं नाक चोंदलंय."

बहुतेक गाड्यांत सर्वांत पुढे एसीचा कंडेन्सर असतो, टर्बोच्या गाडीत त्याच्याच आसपास हवा गार करणारा इंटरकूलर, आणि या सगळ्यांच्या मागे रेडिएटर. म्हणजे रेडिएटरला मिळतो तो आधीच दुसऱ्यांनी तापवलेला, उष्टा वारा. त्याने वरचे ब्रॅकेट सोडून रेडिएटर चार बोटे मागे घेतला. दोघांच्या मधल्या फटीत चिखल, धूळ, कापसासारखा कचरा, आणि सुरूच्या त्या बारीक काड्यांची गादीच्या गादी! भाचा गेल्या पावसाळ्यापासून दर महिन्याला काशीदला येत होता आणि दर वेळी याच झाडांखाली गाडी लावत होता.

त्याने बागेच्या नळीने, धार मंद ठेवून, आतल्या बाजूने बाहेर पाणी मारले. जोराची धार मारली तर पत्र्याच्या त्या नाजूक पट्ट्या वाकतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तर हे धुणे नेमाने करावे. खारा वारा त्या पट्ट्यांना पांढरी बुरशी आणतो आणि मग त्या नखाने खरवडल्या तरी पिठासारख्या गळतात. पाऊण तास काम चालले. पैसे विचारले तर भाच्याच्या नव्या रेडिएटरच्या किमतीवरचा करही त्यात निघाला नसता.

परतीच्या वाटेवर तेवढीच रांग होती. आकडा ९८ च्या वर गेला नाही.

जाड रेडिएटरचे मग काय? तो गॅरेजवाला त्यावर एकच वाक्य बोलला होता: "वाराच नाय, तर जाड घेऊन काय करणार?" मी नंतर यावर बराच विचार केला. मुंगीच्या पावलाने सरकताना तीनशे अश्वशक्तीच्या गाडीला जेमतेम दहा-पंधरा अश्वशक्ती लागते. उष्णता फार नसते. नसतो तो वारा. ऐंशीच्या वेगाला वारा आपोआप घुसतो, रांगेत तो एकट्या पंख्याने ओढावा लागतो. रेडिएटर जितका जाड, तितका त्यातून वारा ओढायला पंख्याला जड. म्हणजे पंखा जुनाच ठेवून रेडिएटर जाड केला तर वडखळच्या रांगेत गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापण्याचा संभव! रांगेत तापणाऱ्या गाडीने पंखा, त्याची मोटर, त्याभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण आणि पुढची जाळी बघावी. मोकळ्या रस्त्यावर, वेगात तापणाऱ्या गाडीने रेडिएटर, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट बघावा. ताप कधी येतो हे न विचारता औषध देणारा वैद्य आपण दारात उभा करणार नाही. पण मोटारीच्या बाबतीत आपण आधी औषधाच्या दुकानात जातो, आणि दुकानदारही नाही म्हणत नाही.

थर्मोस्टॅटवरून आठवले. आपल्याकडे जुन्या मिस्त्री मंडळींचा एक आवडता इलाज आहे: "काढून टाकू, गाडी गार राहील." थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर उघडमीट करणारे छोटे दार. पाणी ऐंशी-नव्वद अंशांना पोचेपर्यंत ते बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर गरम होते, मग उघडते. ते काढले की इंजिन मोकळ्या रस्त्यावर कायम गारठलेले राहते, गाडीच्या मेंदूला वाटते अजून सकाळच आहे, तो जास्त पेट्रोल पाजतो, आणि आतली झीज वाढते. इंजिनाला गारवा नको असतो. त्याला नेमका ताप हवा असतो, ना कमी ना जास्त. कूलंटचेही तसेच. आपल्या कोकणात पाणी गोठण्याची भीती नाही, तरी कूलंट हवे, कारण ते गंज थांबवते आणि उकळबिंदू वर नेते. म्हणून नुसते कूलंटच भरावे असे नाही. उष्णता वाहून नेण्यात पाण्याच्या तोडीचे काही नाही. निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड पाणी, हे बेताचे प्रमाण. हिरवे, गुलाबी, निळे हे रंग होळीसाठी मिसळावेत, येथे नव्हे. गाडीच्या पुस्तकात जे लिहिले असेल तेच घालावे.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही मुलाचा उत्साह मारलात. तसे झाले नाही. भाच्याने रेडिएटरचा बेत पुढे ढकलला आणि तो आकडे लिहू लागला. जून महिन्यात तो मित्रांबरोबर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या धावपट्टीवर गेला. १९९० सालची, पावणेचार किलोमीटरच्या फेरीची ती जागा. तेथे पैसे भरून, हेल्मेट घालून आपली गाडी मनासारखी पळवता येते. खरे तर असली गाडी घ्यावी ती अशा जागेसाठीच. काशीदच्या रस्त्यावर शाळेतून येणारी पोरे असतात. आणि वाळूत गाडी घालण्याचा मोह तर फारच वाईट. वाळूत वेग नाही, वारा नाही, जोर मात्र पूर्ण. दहा मिनिटांत गाडी तापते, रुतते, आणि मग भरती कोणासाठी थांबत नाही.

चेन्नईहून त्याचा रात्री फोन आला. "मामा, चार फेऱ्यांनंतर पाणी १०१. एकदम ठीक. पण तेल १४१!"

मला ते अपेक्षित नव्हते, पण त्याला अर्थ होता. इंजिनातले तेलही उष्णता वाहते, आणि टर्बोच्या गाडीत तर फारच, कारण धुराच्या वाटेवर बसलेल्या त्या चक्रीतून नऊशे अंशांच्या आसपासचा धूर जातो आणि तिच्या बेअरिंगला तेलच वाचवते. तेल ९० ते ११० अंशांत सुखी असते. १३५-१४० च्या पुढे ते पातळ होते, धातू-धातूंमधला पडदा विरळ होतो. पाणी ठीक आहे म्हणून निश्चिंत असलेल्या माणसाचे इंजिन असे जाम होते. पाण्याकडे दुर्लक्ष झाले तर अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट उडते, तेल-पाणी एक होते आणि डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखे काही दिसू लागते. ते दिसले की कर्जाचा उरलेला हप्ता आणि इंजिनाचे बिल यांची शर्यत सुरू होते.

भाच्याने मग ऑइल कूलर बसवला, त्यालाही थर्मोस्टॅट असलेला, म्हणजे रोजच्या फिरण्यात तेल अवाजवी गार राहू नये. धावपट्टीवरून आल्यावर एक फेरी सावकाश मारायची, मगच गाडी उभी करायची, हेही तो शिकला. इंटरकूलरचा विचार चालू आहे. त्या रविवारी काशीदच्या रांगेत इंजिनात शिरणारी हवा ६२ अंशांची होती, हे त्याला डबीच्या जुन्या नोंदीत सापडले. एवढी गरम हवा आत गेली की गाडीचा मेंदू स्वतःच जोर आवरता घेतो. तीनशे घोड्यांतले कित्येक तेव्हा उभ्या उभ्या झोपलेले असतात. पण इंटरकूलर घ्यायचा तो चेन्नईचे आकडे बघून, काशीदचे नव्हे, असे तो आता मलाच समजावून सांगतो.

ती हजार रुपयांची डबी मीही घेतली. माझ्या गाडीला काटा नाही, तिला आता निदान आकडा तरी आहे. ताईने दिलेल्या जुन्या डायरीत मागच्या पानावर लिहीत असतो. कार्लेखिंड ९७. साळावचा पूल ९३. काशीदची रांग, एसी लावून, ९९. वडखळ, गणपतीच्या आदल्या दिवशी, १०१. खंबाटकीचा चढ अजून लिहायचा आहे.